शाडूत उमटलेली जाळी

नोकरीत मी कोयते पाहिले, गावठी कट्टे पाहिले, विषाच्या बाटल्या पाहिल्या. पण ज्या मुद्देमालाची आठवण आली की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो, ते एक साधं गोणपाट होतं. पेणच्या एका गाळ्यात सापडलेलं, ओल्या शाडूने माखलेलं. त्या गोणपाटाने एक निरपराध माणूस सोडवला आणि मला रोह्यापर्यंत पळवलं. संबंधितांची नावं मी घेणार नाही. माणसं आहेत, त्यांचे धंदे चालू आहेत, मुलंबाळं आहेत.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. माझे वडील खाडीकाठच्या मिठागरात राबले. चिखल तुडवायचा, बांध घालायचे, हाताने लिंपायचे, हे आमच्या घराचं काम. त्या घरातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र. हे मी अभिमानाने सांगतो आणि सांगत राहणार. खात्यात काही जण पाठीमागे मला ‘सायन्सवाले साहेब’ म्हणायचे. म्हणेनात का!

तेव्हा मी पेणला ठाण्याचा प्रभारी होतो. श्रावण लागलेला. त्या दिवसांत पेणमध्ये पाहावं तिकडे गणपती. ओटीवर गणपती, माडीवर गणपती, पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांवर रांगेने गणपती. आणि सगळ्यांचं दुखणं एकच: मूर्ती वाळत नाही. हवेतच पाणी असतं. कच्ची मूर्ती ओली राहिली तर रंग धरत नाही, रंग ओला राहिला तर गाडीत भरता येत नाही. कुणी दिवे लावतो, कुणी पंखे लावतो, कुणी शेगड्या पेटवतो.

या प्रकरणातल्या कारखानदाराने एक पाऊल पुढे टाकलं होतं. हायवेच्या बाजूला नव्या व्यापारी इमारतीत तळमजल्याचे दोन गाळे जोडून घेतले आणि तिथे डिझेलवर चालणारा गरम हवेचा मोठा हिटर बसवला. वर दवाखाना, त्याच्या वर मुलांचे क्लास. हिटर बसवणारा मिस्त्री रोह्याच्या बाजूचा. तिथल्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर नोकरीला होता आणि बाहेर अशी कामं करायचा. काम त्याने चोख केलं होतं, हे मी नंतर स्वतः पाहिलं. तेलाची टाकी गाळ्याच्या बाहेर, भोवती विटांचा कठडा, म्हणजे गळलं तरी तेल पसरू नये. टाकीजवळच, आत येणाऱ्या नळीवर हाताने बंद करायची लाल चावी. धुराची चिमणी भिंतीतून बाहेर काढून थेट गच्चीच्या वर नेलेली. आणि बर्नरला जळायला हवा लागते म्हणून मागच्या भिंतीत, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, चांगली मोठी, आडव्या पट्ट्यांची पत्र्याची जाळी.

एका दुपारी ठाण्यात फोन आला. “साहेब, गणपतीच्या गाळ्यात तीन रंगारी पडलेत. उठत नायत!”

आम्ही पोचलो तेव्हा शटर वर केलेलं होतं, माणसांनी रस्ता अडवलेला. तिघांना रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं होतं. आत कोंदट, कडवट वास. हिटर बंद, त्याच्यावर एक ओलं गोणपाट टाकलेलं. पहिल्यांदा आत घुसलेल्यांना धूर दिसला. त्यांना वाटलं आग लागली. हाताला येईल ते ओढून हिटरवर टाकलं आणि बाहेरची तेलाची चावी फिरवली. पुढे आमच्या लोकांनी ते गोणपाट मुद्देमालात जमा केलं. त्या वेळी कुणाचं त्याकडे लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

थोड्या वेळाने डॉक्टरांचा फोन आला. “जेवणातून झालेलं नाही हे. धुरातला वायू आहे. कार्बन मोनॉक्साइड. दोघं शुद्धीवर येतील. तिसऱ्याचं मी आत्ता काही सांगू शकत नाही.”

हा वायू मला कॉलेजपासून माहीत. रंग नाही, स्वतःचा वास नाही. तेल जळताना हवा कमी पडली की तयार होतो. रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. माणसाचं डोकं दुखतं, पाय जड होतात, आणि त्याला वाटतं झोप आली. तो बसतो, तिथेच राहतो.

गाळ्यासमोर मालक उभा होता. त्याच्याजवळ नाना. नानांची ओळख करून द्यायला हवी. नाना म्हणजे आखणीवाले. गणपतीचे डोळे रेखतात त्याला आमच्याकडे आखणी म्हणतात आणि आखणीचा हात सगळ्यांकडे नसतो. शंभर कारागीर मूर्ती रंगवतील, डोळे आखणारा त्यांत एखादाच. नानांच्या हाताची मूर्ती म्हटलं की गिऱ्हाईक दुसरं काही विचारत नसे. मालकसुद्धा त्यांच्याशी खालच्या आवाजात बोलायचा. सकाळी आखणी करून नाना जेवायला घरी गेले होते, म्हणून वाचले.

नाना मला म्हणाले, “साहेब, लिहून घ्या. त्या रोह्याच्या मिस्त्रीनं कायतरी करून ठेवलंय. परवाच मालकाशी भांडून गेला.”

मालकाने दुजोरा दिला. “जाळीवरून भांडला. म्हणतो, जाळी झाकलीत तर हिटर उचलून नेईन. मी सांगितलं, गाळा माझा हाय, तू मला शिकवू नको. चारचौघांत बोललो, त्याला झोंबलं.”

संध्याकाळी खबर आली. माझा एक जुना खबरी त्याच रस्त्यावर पानटपरी चालवायचा. तो ठाण्यात कधी यायचा नाही. हवालदारांना पान बांधून द्यायचा आणि पानाबरोबर बातमी. आमचे हवालदार पेणच्याच गावातले, निवृत्तीला आलेले, तोंडाने फटकळ. ते तोबरा सांभाळत आत आले.

“साहेब, मिस्त्री आज सकाळी गच्चीवर होता. हातात पाना. टपरीवाल्यानं डोळ्यांनी बघितला.”

“मालकाला माहीत होतं?”

“मालकाला नाय, कुणाला नाय. मागच्या जिन्यानं चढला, मागच्या जिन्यानं उतरला. काम करायला आलेला माणूस असा चोरावानी चढतो काय?”

गच्चीवर चिमणीचं तोंड. दुपारी खाली तिघं बेशुद्ध. दोन्ही गोष्टी एका सरळ रेषेत येऊन बसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या डी.बी., म्हणजे गुन्हे शोध पथकाने मिस्त्रीला घरून आणलं.

साधारण पस्तिशीचा, अंगाने काटक, नखांत काळं तेल बसलेलं. मी त्याला खुर्ची दिली. माझी पद्धत होती: संशयिताला आधी खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं फार थोड्या लोकांना जमतं. तो पाणी प्यायला आणि स्वतःच बोलायला लागला.

“साहेब, जाळी बघा. जाळी बंद असेल. मी त्यांना सांगून सांगून थकलो.”

“जाळी आम्ही बघितली. सताड उघडी आहे.”

तो गडबडला. “मग... मग नाय कळत.”

“काल सकाळी कुठे होतास?”

“कंपनीत. फर्स्ट शिफ्ट.”

“गच्चीवर नव्हतास?”

“नाय साहेब.”

“पाना घेऊन?”

“आईच्यान नाय!”

हवालदार दारातून म्हणाले, “आईला कशाला मधी घेतोस? ती चढली होती काय गच्चीवर?”

मी कंपनीत फोन लावला. कंपनीच्या हजेरीत तो हजर होता. टपरीवाल्याने त्याला पेणमध्ये पाहिलं होतं. दोन्हींपैकी एक खोटं. मी टपरीवाल्याला दहा वर्षं ओळखत होतो.

दुपारच्या सुमाराला त्याची बायको डबा घेऊन आली. बाकड्यावर बसली आणि डबा मांडीवरून खाली ठेवेना. हवालदार तिच्याजवळ गेले. मघाशी तोच माणूस नवऱ्याला टोचत होता.

“रडू नको गो. खरा काय ता सांग. काल तो खराच कंपनीत होता?”

तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, “कार्ड मारून निघाले होते. पेणलाच गेले. पर पाप करायला नाय. पावसाचा पानी चिमनीत जात व्हता, त्यावर टोपी बसवायला गेले. मालकानं हाकलला व्हता म्हनून मागून चढले. कंपनीला कलला तर नोकरी जाईल ना साहेब.”

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पक्की पाहिली आहे. माणूस लहान चोरी झाकायला मोठ्या गुन्ह्याचा फास स्वतःच्या गळ्यात अडकवून घेतो. शिफ्ट बुडवल्याचं लपवण्यासाठी हा गडी तीन माणसांवरच्या घाताचा संशय अंगावर ओढून बसला होता.

तिचं म्हणणं समोर ठेवल्यावर मिस्त्री फुटला. व्हय म्हणाला, टोपी बसवली. पण आता मालकाच्या हातात नवं शस्त्र आलं. “बघा! टोपीनंच धूर अडवला. खाली माझी माणसं पडली!” ठाण्याबाहेर कारागिरांची गर्दी जमली होती. तिसरा रंगारी अजून शुद्धीवर नव्हता. अटक कधी दाखवता, म्हणून विचारणा सुरू झाली.

मी ठरवलं, हिटर पेटवून बघायचा. जे यंत्र माणसं पाडतं, त्याचीच उलटतपासणी घ्यायची. एका कारखान्यातले सुरक्षा अधिकारी वायू मोजायचं यंत्र घेऊन आले. पंच बोलावले, वरचा दवाखाना आणि क्लास रिकामे केले, गाळ्यात कुणाला थांबू दिलं नाही. शटर खाली घेतलं आणि मोजयंत्र खिडकीच्या काचेमागे दिसेल असं ठेवलं. गच्चीवर हवालदार गेले. टोपी व्यवस्थित होती, तिच्या चारही बाजूंनी धूर मोकळा जात होता.

बर्नर लागला. आगीचा आवाज एकसारखा. आम्ही सगळे काचेला नाक लावून उभे. मोजयंत्र हू की चू नाही. वाट पाहिली. काही नाही. हिटर निर्दोष चालत होता.

सुरक्षा अधिकारी म्हणाले, “साहेब, मांडणी उत्तम आहे. ह्याने माणूस बेशुद्ध पडणार नाही.”

“पण पडली ना!” मालक ओरडला. “म्हणजे त्या दिवशी ह्यानं कायतरी केलं आणि नंतर काढून टाकलं!”

 हिटर चांगला चालला, हाच मिस्त्रीविरुद्ध पुरावा झाला.

दुसऱ्या दिवशी मालकाने रोह्याला हलायचं ठरवलं. पेणचा गाळा आम्ही सील केला होता, गणपती तोंडावर. रोह्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका व्यापारी इमारतीत त्याचा दुसरा गाळा होता. घरच्या शेडमधल्या, आखणी राहिलेल्या मूर्ती टेम्पोत भरल्या, नाना आणि दोन रंगारी सोबत पाठवले. मला हे कळलं तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही.

जेवण झाल्यावर मी मुद्देमालाची खोली उघडायला सांगितली. अटकेचा निर्णय घ्यायच्या आधी मी प्रत्येक वस्तू एकदा हातात घ्यायचो. ही माझी सवय. मिस्त्रीकडून जप्त केलेल्या पान्यावर काही नव्हतं. डिझेलच्या नमुन्यात काही नव्हतं. मग गोणपाट उचललं.

ते आता वाळलं होतं आणि एका बाजूने पापडासारखं कडक झालं होतं. मी ते खिडकीशी नेलं. कडेने चारही बाजूंना शाडूचा जाड पट्टा. आणि मधोमध, शाडूच्या पातळ थरात, एकाखाली एक आडव्या रेषा. सरळ, सारख्या अंतरावर. मऊ कणकेवर लाटणं टेकवावं तशा उमटलेल्या.

“हवालदार,” मी म्हणालो, “पेणच्या गाळ्यात आडव्या पट्ट्यांचं काय आहे?”

ते गोणपाटाकडे बघत राहिले. मग तोबरा गिळला की काय कोण जाणे, पण आवाज एकदम स्वच्छ निघाला. “जाळी!”

जाळी! हे गोणपाट जाळीवर चिकटवलेलं होतं. आग लागली समजून माणसं आत घुसली, तेव्हा कुणीतरी ते तिथूनच ओढून हिटरवर टाकलं. आणि आम्ही पोचलो तोवर जाळी सताड उघडी! मिस्त्री खरं बोलत होता. आम्हीही खरं बघत होतो. फक्त उशिरा बघत होतो.

मी कडेच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मिस्त्रीने जाळी बंद केली असती तर पत्रा ठोकला असता, टेप लावली असती. हा शाडू अंगठ्याने दाबून, कड मोडून, वरून ओल्या बोटाने गुळगुळीत केलेला होता. माझ्या वडिलांनी आयुष्यभर बांध लिंपले. लिंपणारा हात मला अंधारातही ओळखू येईल. हा हात रोज मातीत असणाऱ्याचा होता. आणि इतकी मऊ कड कशाला? ज्याला काम नीट केल्याशिवाय चैन पडत नाही, तोच भोक बुजवतानासुद्धा अशी कड काढतो.

मिस्त्रीला आत बोलावलं. “जाळीशेजारी कोण बसतं?”

“नाना,” तो लगेच म्हणाला. “मागच्या खिडकीचा उजेड तिथंच पडतो. आखणीला उजेड लागतो. आणि...” तो थांबला. “आणि वारा चालत नाय. जाळीतून वारा येतो म्हनून नाना कायम कुरकुरायचे. केसाएवढी रेघ, साहेब. वाऱ्यानं रंग कुंचल्यावरच सुकतो, हात हलतो.”

मग सगळं उलगडलं. सकाळी हिटर बंद ठेवून नाना आखणी करायचे. वारा नको म्हणून जाळीवर गोणपाट, भोवती शाडू. काम संपलं की स्वतःच काढून टाकायचे. त्या दिवशी काम संपलं नव्हतं. दुपारी पुन्हा बसायचं म्हणून तसंच ठेवून जेवायला गेले. ते गेल्यावर पावसाच्या सरीचा झोत आला, रंगाऱ्यांनी शटर खाली ओढलं, मूर्ती वाळवायला हिटर लावला. खिडक्यांना पावसाळी प्लास्टिक. बर्नरने खोलीतली हवा खाल्ली, नवी हवा येईना. मग खोली चिमणीतूनच उलटा श्वास घ्यायला लागली. बाहेर जायचा धूर आत यायला लागला.

मी हे बोलत होतो तोच मिस्त्री ताडकन उभा राहिला. पोलिसांसमोर संशयित असा उठत नाही.

“साहेब! नाना कुठं हायेत आज?”

“रोह्याला.”

“रोह्याला पण हाच हिटर हाय! मीच बसवलाय! तीच जाळी, तशीच खिडकीखाली!”

मी खुर्चीतून उठलो. मग एकदम सगळे फोन हातात आले. मालकाला लावला. तो म्हणाला, “हो, आखणी चालू हाय, मीच सांगितलंय हिटर बारीक चालू ठेवा, रंग ओला हाय. वारा फार हाय म्हनून शटर पाडलंय. काय झालं?” मी ओरडून सांगितलं, शटर उघडायला लावा! त्याने नानांना फोन लावला. नानांचा फोन बंद. रंगाऱ्यांचे फोन बंद. आखणी सुरू असली की कारखान्यात कुणाचा फोन वाजायचा नाही, हा नानांचा नियम. एक घंटी वाजली, हात दचकला की मूर्ती गेली.

मी रोह्याच्या अधिकाऱ्यांना लावला. ते माझ्या मागच्या बॅचचे. “स्टेशनच्या रस्त्यावरचा गणपतीचा गाळा. शटर आतून बंद असेल. उघडलं नाही तर तोडा. आत जाताना श्वास धरा, थांबू नका, आधी बाहेरची तेलाची चावी फिरवा.”

“गुन्हा काय आहे?”

“गुन्हा मागाहून सांगतो! माणसं बाहेर काढा!”

आम्हीही निघालो. गाडीत चालकाशेजारी मी, मागे हवालदार आणि मिस्त्री. त्याला का घेतलं, असं नंतर वरिष्ठांनी विचारलं. तो हिटर त्याच्याएवढा कुणाला ठाऊक होता? वडखळचा चौक ओलांडला, हायवेचे खड्डे चुकवत नागोठणं गाठलं. भिसे खिंडीत समोर ट्रक रांगत होता. हवालदार खिडकीतून अर्धे बाहेर येऊन हातवारे करत होते. “अरे बाजूला घे रे, तुझा बारसा हाय काय तिथं!”

मिस्त्री मागून सारखा बोलत होता. “टाकी उजव्या अंगाला. चावी लाल. सांगितलंय ना साहेब, लाल चावी?” त्याच्या मनात स्वतःची अटक नव्हती, नोकरी नव्हती. फक्त ती लाल चावी.

खिंड उतरताना फोन वाजला. रोह्याचे अधिकारी धापा टाकत होते. “काढले! तिघांना काढलं. एकाने उलटी केली, एकाचं डोकं धरलंय, पण बोलतायत सगळे. म्हातारा तर शिव्या देतोय!”

गाडीत आम्ही तिघं जे ओरडलो, ते ठाण्याच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. हवालदारांनी मिस्त्रीच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पुढच्या सीटवर आपटला. “सुटलास रे बाबा! सुटलास!”

पुढची कार्यवाही थोडक्यात सांगतो. नानांचा जबाब झाला. त्यांनी काहीही लपवलं नाही; जाळी नुसत्या वाऱ्यासाठी आहे, असंच ते समजत होते. पेणच्या गाळ्यात आम्ही तसंच गोणपाट, तशाच शाडूने लावून हिटर पुन्हा पेटवला. काचेमागचं मोजयंत्र थोड्याच वेळात किंचाळायला लागलं. तिसरा रंगारी शुद्धीवर आला. बरं व्हायला त्याला वेळ लागला, पण बरा झाला. मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला. सांगूनही त्याने ऐकलं नव्हतं. मिस्त्रीने कंपनीत जाऊन शिफ्ट बुडवल्याचं स्वतः सांगितलं. मेमो मिळाला, नोकरी राहिली. नंतर दोन्ही गाळ्यांत त्याने बर्नरला स्वतंत्र पाइप जोडून हवा थेट बाहेरून आणली, म्हणजे खोलीची जाळी कुणी झाकली तरी बर्नर उपाशी राहणार नाही. भिंतीवर वायू ओळखून ओरडणारी घंटा लावली. आणि नानांची बैठक त्यांनाच विचारून उजेडाच्या पण वाऱ्यापासून दूरच्या कोपऱ्यात हलवली. सगळ्यात आधी करायचं काम सगळ्यात शेवटी झालं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. आम्ही पोलीस जे घटनास्थळ पाहतो ते आम्ही पोचतो तेव्हाचं असतं. घटना घडली तेव्हाचं नसतं. मधल्या वेळात माणसं धावतात, ओढतात, विझवतात, चांगल्या मनाने पुरावा पुसून टाकतात. पुढे मी प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारत गेलो: आम्ही यायच्या आधी इथे काय हललं? दुसरं सांगतो ते पोलिसांसाठी नाही, हिटर बसवणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. टाकी, नळी, चिमणी, जाळी सगळं पुस्तकाप्रमाणे असेल. पण त्या खोलीत कोण काय काम करतं आणि त्याला कशाचा त्रास होतो, हे भिंत फोडायच्या आधी विचारा. नाही विचारलं तर तो माणूस आपल्या सोयीने तुमचं भोक बुजवणार. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो.

पण हे सगळं मागाहून सुचलेलं. त्या दिवशी रोह्यात पोचलो तेव्हाचं चित्र वेगळंच होतं.

इमारतीच्या व्हरांड्यात रंगारी बसले होते, दवाखान्याची गाडी उभी होती. नाना मात्र गाडीत बसायला तयार नव्हते. हातात कुंचला तसाच. समोर बाहेर काढून ठेवलेली मूर्ती. तिचा एक डोळा आखलेला, दुसरा कोरा.

“साहेब, एक डोळा उघडलाय,” नाना म्हणाले. आवाज घोगरा झालेला. “असा सोडून जाता येत नाय. आमच्यात सोडत नायत.”

डॉक्टर रागावले. मी म्हटलं, बाहेर मोकळी हवा आहे, करू द्या. नाना मांडी घालून बसले. पण नदीकडून वारा भरारा येत होता. कुंचला टेकवायला गेले आणि थांबले. पुन्हा गेले, पुन्हा थांबले.

गाडीतून उतरल्यापासून मिस्त्री लांब उभा होता. तो पुढे आला. टेम्पोवरची ताडपत्री ओढली, दोन्ही हात ताणून वाऱ्याकडे पाठ करून नानांच्या बाजूला उभा राहिला. वारा ताडपत्रीवर आपटून वळला.

नानांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ज्याचं नाव त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितलं होतं, तोच हा. ते कुंचला खाली ठेवायला लागले.

“नाना, आधी डोळा,” मिस्त्री म्हणाला. “माझे हात भरून येतील.”

नानांनी श्वास धरला आणि रेघ ओढली.